विचारा की! दिल्लीला निघालेल्या कोल्हापूरकरांचे प्रश्न

मागच्या अंकात सहलीचे प्रश्न पाठवा म्हणून लिहिलं आणि बघतेय तर बहुतेक पत्रं दिल्लीचीच. कोण शाळेच्या ग्रुपबरोबर निघालंय, कोण रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच, कुणाचा पोरगा तिकडं यूपीएससीचा क्लास लावून बसलाय म्हणून त्याला भेटायच्या निमित्तानं. नवऱ्याच्या नोकरीमुळं मी काही वर्षं दिल्लीत काढली, पाहुणे आले की फिरवायचं काम माझ्याकडंच असायचं, त्यामुळं संपादकांनी सगळी पत्रं माझ्याच गळ्यात टाकली. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं राहिलं असलं तर राग मानू नका.

आम्ही चार जोडपी, सगळी साठीच्या पुढची. टूरवाल्यानं तीन दिवसांत अठरा ठिकाणं दाखवतो म्हणून यादी दिलीय. जमेल का? (निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ)

सर, यादी परत एकदा बारीक अक्षरांसकट वाचा. निम्म्या ठिकाणांपुढं "बाहेरून" किंवा "बसमधून" असं लिहिलेलं असणार, माझी पैज. राष्ट्रपती भवन बसमधून, संसद बसमधून, इंडिया गेटला पंधरा मिनिटं फोटोला, आणि ज्या दुकानात त्याचं कमिशन असतं तिथं मात्र दीड तास. अशानं दिल्ली बघून झाल्यासारखी वाटते पण घरी आल्यावर कुठली कमान कुठल्या किल्ल्याची ते फोटो बघूनपण सांगता येत नाही.

माझं ऐकाल तर तीन दिवसांत सहा-सात ठिकाणं, बास. एक दिवस लाल किल्ला आणि चांदणी चौक, तोच दिवस तिथंच संपवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी जनपथवरचं नॅशनल म्युझियम, दुपारी जरा पाय लांब करून विश्रांती आणि ऊन उतरलं की नॅशनल वॉर मेमोरियल आणि इंडिया गेट, दोन्ही शेजारीशेजारीच आहेत. तिसऱ्या दिवशी हुमायूनची कबर आणि कुतुबमिनार. हुमायूनच्या कबरीपाशी 2024 ला जमिनीखाली नवं म्युझियम झालंय, ते आधी बघा मग वर कबरीकडं जा, म्हणजे उगाच मोठा घुमट बघितला असं होत नाही, कोण कुठं कशासाठी पुरलंय ते कळतं. तुम्ही इतिहास शिकवला असेल तर तुम्हाला जास्तच मजा येईल, कारण ताजमहाल व्हायच्या किती तरी वर्षं आधी, 1560-70 च्या सुमाराला बांधलेली ही कबर, आणि चौकोनी बाग, मधून पाण्याचे पाट, उंच चौथरा, वर घुमट, ताजमहालची सगळी मांडणी इथं आधीच दिसते.

अक्षरधाम भाविकांसाठी ठेवा पण त्याला अर्धा दिवस जातोच आणि मोबाइल आत नेऊ देत नाहीत, ते जमा करायची रांग वेगळी. लोटस टेंपल बाहेरून सुंदर आहे, आत शांत बसायचं असतं, ज्यांना रांगेत उभं राहवत नाही त्यांनी सोडून दिलं तरी चालतं.

आणि सोमवार! लाल किल्ला सोमवारी बंद, नॅशनल म्युझियम बंद, रेल्वे म्युझियम बंद, पंतप्रधान संग्रहालय बंद, अक्षरधाम आणि लोटस टेंपल पण बंद. सोमवारी पोचणार असाल तर तो दिवस कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि जंतरमंतरला द्या, ही तिन्ही उघडी असतात. टूरवाल्याला एवढं एकच विचारा, सोमवारी तुम्ही काय दाखवणार, त्याच्या उत्तरावरून माणूस कळतो.

लाल किल्ल्यात शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात नेमके कुठं उभे होते? ती जागा बघायची आहे. (कॉलेज विद्यार्थी, उत्तरेश्वर पेठ)

बाळा, ते दिल्लीत नाही, आग्र्यात झालं. हा घोळ इतक्या जणांचा होतो की लाल किल्ल्यात मराठी ग्रुप दिसला की हा प्रश्न कानावर येतोच, आणि काही गाइड पण "हां हां यहीं पे" म्हणून बोट दाखवून मोकळे होतात. शहाजहान जानेवारी 1666 ला आग्र्याच्या किल्ल्यात वारला, त्यानंतर औरंगजेब आग्र्याला आला आणि महाराजांची दरबारातली भेट 12 मे 1666 ला तिथंच झाली. 17 ऑगस्टला महाराज निसटले ते पण आग्र्यातूनच. आग्र्याच्या किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तुला ती जागा बघायचीच असेल तर आग्र्याला जा, फक्त शुक्रवारी जाऊ नको, त्या दिवशी ताजमहाल बंद असतो आणि एवढ्या लांब गेल्यावर तो चुकवायला नको.

पण म्हणून लाल किल्ल्यात आपलं काही नाही असं समजू नको. उलट तिथं मराठ्यांचा इतिहास इतका आहे की तो कुठं लिहिलेला दिसत नाही याचंच मला वाईट वाटतं. दिवाण-ए-खासमध्ये उभा राहशील, पांढरा संगमरवर, जमिनीवर स्वर्ग कुठं असेल तर तो इथंच अशा अर्थाचा फारसी शेर कमानीवर, सगळे त्याचा फोटो काढतात. तू मान वर करून छत बघ. आज वर लाकडी छत दिसतं, पूर्वी तिथं चांदी होती. 1760 ला सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता, पोटाला नव्हतं, म्हणून ती चांदी उतरवून तिची नाणी पाडली. पाच-सहा महिन्यांनी पानिपत झालं. पानिपतावर कितीही भाषणं ऐक, फौजेचा खजिना किती आटला होता ते त्या छताखाली उभं राहिल्यावर जास्त कळतं.

त्याच्याही आधीचं सांगते. येसूबाईसाहेब 1689 ला रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू महाराज 1707 ला सुटले पण येसूबाईसाहेब नाही, त्यांना पुढं दिल्लीला नेऊन ठेवलं. बाळाजी विश्वनाथ मोगल दरबारातल्या वजनदार सय्यद बंधूंच्या मदतीला फौज घेऊन दिल्लीला गेले आणि 1719 ला येताना चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणि येसूबाईसाहेबांना घेऊन परत आले. तीस वर्षांनी सुटका. आपल्याकडं पोरांना संभाजी महाराजांपर्यंतचा इतिहास तोंडपाठ असतो, पण त्यांच्या राणीसाहेबांची दिल्लीतली वर्षं कोण सांगत नाही.

मग 1771 ला महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली, परागंदा झालेल्या शहाआलम बादशहाला पुढच्या वर्षी तख्तावर बसवलं. 1788 ला गुलाम कादिर या रोहिल्या सरदारानं किल्ल्यात घुसून त्याच बादशहाचे डोळे काढले, महादजींच्या माणसांनी कादिरला हाकललं, पकडलं, आणि तिथनं 1803 पर्यंत किल्ल्यात शिंद्यांची फौज होती. इंग्रजांनी दिल्ली घेतली ती मोगलांशी लढून नाही, पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेशी लढून घेतली, 11 सप्टेंबर 1803. पटपडगंज आज यमुनेपल्याडची सोसायट्यांची वस्ती आहे, तिथल्या रिक्षावाल्याला याचा पत्ता नाही आणि आपल्यालाही नसतो.

आणखी एक, किल्ल्यातल्या इंग्रजांच्या जुन्या बराकींत आता म्युझियमं केलीत, त्यातलं नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं चुकवू नको. 1945 ला शहानवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावरचा खटला याच किल्ल्यात चालला, त्यांची बाजू भुलाभाई देसाईंनी लढवली. आणि 1858 ला शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याच्यावरचा खटला पण इथंच, त्याच्या स्वतःच्याच दिवाण-ए-खासमध्ये. त्याला पकडलं होतं हुमायूनच्या कबरीत. म्हणजे तू आधी हुमायूनची कबर आणि मग लाल किल्ला असा उलटा गेलास तर 1857 ची गोष्ट ओळीनं चालत बघता येते.

आपल्या टाऊन हॉलमध्ये म्युझियम आहे, न्यू पॅलेस आहे. दगडाच्या मूर्ती आणि तलवारी बघायला दिल्लीपर्यंत कशाला जायचं? (एक वाचक, मंगळवार पेठ)

प्रश्न खवचट आहे पण मला आवडला. तुम्ही टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये शेवटचं कधी गेला होता सांगा बघू? शाळेच्या सहलीतच ना? तिथं एक छोटी ब्राँझची मूर्ती आहे पोसायडनची, ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. ती रोमहून कुणी भेट दिलेली नाही, ती आपल्या पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या टेकडीत उकरताना सापडली. 1940 च्या दशकात तिथं उत्खनन झालं, हत्तीवर बसलेल्या स्वारांचं ब्राँझचं शिल्प पण मिळालं. सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा आणि समुद्रापासून इतक्या आत, घाट चढून, तो माल कोल्हापुरात यायचा. म्हणजे आपलं म्युझियम लहान आहे पण त्यातली वस्तू लहान नाही.

आता दिल्लीचं सांगते. नॅशनल म्युझियमच्या हडप्पा दालनात मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी आहे, पुस्तकात बघून सगळ्यांना ती मोठी वाटते आणि प्रत्यक्षात ती 10.5 सेंटीमीटर. लोक तिच्यासमोरनं तिलाच शोधत पुढं जातात! साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं मेणाचा साचा करून ब्राँझ ओतलं, एक हात कमरेवर, दुसरा हात खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, आणि तोऱ्यात मान वर. आपल्या हुपरीच्या चांदीच्या कारागिरांनी ती बघायला पाहिजे असं मला कायम वाटतं. आणि मोहेंजोदडोचीच दुसरी प्रसिद्ध मूर्ती, दाढीवाला पुरोहित राजा, तो कराचीच्या म्युझियममध्ये आहे. फाळणीत वस्तू पण वाटून घेतल्या गेल्या, त्यात ही आपल्याकडं आली.

त्याच इमारतीत पिपरहवाला सापडलेले बुद्धांचे अस्थिअवशेष आहेत, थायलंडनं दिलेल्या सोन्याच्या मुलाम्याच्या मंडपाखाली. मी तिथं परदेशातनं आलेल्या लोकांना जमिनीवर बसून प्रार्थना करताना बघितलंय आणि शेजारून आपली मंडळी "यात काय आहे" म्हणत निघून जाताना पण.

तेव्हा दोन्ही बघा. आधी टाऊन हॉल, तो घरच्याच गावात आहे, मग दिल्ली. एक सूचना, नॅशनल म्युझियम नॉर्थ आणि साऊथ ब्लॉकमध्ये हलवून "युगे युगीन भारत" नावाचं मोठं म्युझियम करायचं ठरलंय, त्यामुळं निघायच्या आधी वेबसाइटवर बघून घ्या कुठली दालनं उघडी आहेत.

ताई, मुलं आठ आणि अकरा वर्षांची. म्युझियम म्हटलं की तोंड वाकडं करतात. काय करू? (राजारामपुरी)

पहिल्या दिवशी त्यांना चाणक्यपुरीतल्या रेल्वे म्युझियमला घेऊन जा, बाकी काही बोलू नका. मोकळ्या आवारात जुनी इंजिनं उभी आहेत, मुलांना बसायला छोटी गाडी आहे, आणि पटियाला संस्थानची मोनोरेल आहे, 1907 ची, तिचं एक चाक रुळावर आणि दुसरं मोठं चाक साध्या रस्त्यावर चालायचं. बडोद्याच्या गायकवाडांचा आणि म्हैसूरच्या महाराजांचा खासगी डबा पण आहे. तिथं मुलांना सांगा की आपल्या कोल्हापूर संस्थाननं पण स्वतःच्या खर्चानं मिरजेपर्यंत रेल्वे आणली होती, 1891 ला, आणि आपण ज्या स्टेशनवरून बसलो ते त्यातलंच.

नंतर बहादूरशहा जफर मार्गावरचं बाहुल्यांचं म्युझियम, देशोदेशीच्या बाहुल्या, तास दीड तास पुरे. आणि अकरा वर्षांच्याला जंतरमंतर नक्की आवडेल, सवाई जयसिंगानं 1724 ला बांधलेलं, सूर्याची सावली बघून वेळ सांगणारं भलं मोठं यंत्र आहे, मात्र ऊन असलेल्या दिवशी जा, ढगाळ दिवशी ते नुसतं लाल बांधकाम दिसतं.

मोठ्या म्युझियममध्ये मुलांना सगळं दाखवायच्या फंदात पडूच नका. आत शिरताना एकच काम द्या, दहा सेंटीमीटरची नाचणारी मुलगी कोण आधी शोधतंय. सापडली की आइस्क्रीम आणि बाहेर. लोक म्हणतील तिकीट वाया गेलं, म्हणू देत की. तशी पुरातत्त्व खात्याच्या किल्ल्या-स्मारकांवर पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नसतं.

आमच्या घरातले पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेले ते आले नाहीत. इंडिया गेटवर त्यांचं नाव आहे म्हणतात. बघता येईल का? (गडहिंग्लज)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. स्पष्ट सांगते, बहुतेक नसेल, म्हणून आशेनं जाऊन हिरमुसून येऊ नका. इंडिया गेटवर 13 हजारांवर नावं कोरलेली आहेत पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि 1919 च्या तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांची आहेत. स्मारक मात्र सगळ्यांचं म्हणून बांधलं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्यांचं स्मारक बसऱ्याला आहे, आणि आपल्या मराठा पलटणी तिथंच होत्या, कुतच्या वेढ्यात तर तीन-तीन. दुसरं म्हणजे कमानीच्या अगदी जवळ जाऊ देत नाहीत, त्यामुळं वरची नावं वाचणं तसंही अवघड.

त्यापेक्षा आधी घरी बसून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधा, फुकट आहे. नाव इंग्रजांनी कसंही लिहिलेलं असतं, जाधवचं जादो, आणि आडनावाच्या जागी बापाचं नाव, त्यामुळं दोन-चार प्रकारे टाकून बघा, गावाचं आणि पलटणीचं नाव माहीत असेल तर जास्त सोपं. घरात जुनी पितळी पदकं असतील तर त्यांच्या कडेवर नंबर आणि पलटण कोरलेली असते, ती भिंगाखाली बघा.

एवढं करूनपण जाच. इंडिया गेटच्या मागंच नॅशनल वॉर मेमोरियल आहे, 25 फेब्रुवारी 2019 ला सुरू झालं, तिकीट नाही. स्वातंत्र्यानंतर गेलेल्या प्रत्येक जवानाचं नाव तिथं त्याग चक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर आहे. गडहिंग्लज, चंदगड, कागल, आपल्या या भागातली किती गावं अशी आहेत जिथं घरटी एक माणूस फौजेत, तुमच्या गावातलं कुणी ना कुणी त्या भिंतीवर असेलच, नाव सांगितलं तर तिथले कर्मचारी शोधायला मदत करतात. संध्याकाळच्या वेळेला जा. शेजारच्या परमयोद्धा स्थळावर परमवीर चक्र मिळालेल्यांचे अर्धपुतळे आहेत, त्यात कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे आहेत, बॉम्बे सॅपर्सचे.

बाबासाहेबांचं दिल्लीत काय बघायला आहे? टूरवाल्यांच्या यादीत कुठंच नसतं. (माणगाव, ता. हातकणंगले)

नसतं हे खरं, आणि का नसतं ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. 26, अलीपूर रोड. सिव्हिल लाइन्स मेट्रो स्टेशनवर उतरायचं, तिथनं जवळ. मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेब या पत्त्यावर राहायला आले आणि 6 डिसेंबर 1956 ला इथंच त्यांचं महापरिनिर्वाण झालं. आता तिथं उघडलेल्या पुस्तकाच्या, म्हणजे संविधानाच्या आकाराची इमारत आहे, एप्रिल 2018 ला खुली झाली. आत आयुष्याचा सगळा प्रवास मांडलाय, अडीच-तीन तास काढून जा. सोमवार टाळा.

तुम्ही माणगावचे, म्हणजे 21-22 मार्च 1920 ची परिषद तुमच्याच गावात झालेली, राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि हेच तुमचे पुढारी असं लोकांना सांगून गेले. जिथं सुरुवात झाली तिथनं जिथं शेवट झाला तिथं जाणारा माणूस विरळाच. वेळ राहिला तर तीस जानेवारी मार्गावरचं गांधी स्मृती पण बघा, बिर्लांचं घर, 30 जानेवारी 1948 ला गांधीजी जिथून शेवटचं चालत गेले त्या वाटेवर पावलांचे ठसे केलेत. दोन्ही ठिकाणी गर्दी कमी असते, कुणी हाकलत नाही.

संसद, सुप्रीम कोर्ट, राष्ट्रपती भवन आतून बघता येतं का? आम्ही वकील मंडळी निघालोय. (कसबा बावडा)

आता कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झाल्यापासून वकील मंडळी जरा ऐटीत आहेत, असू देत, चाळीस वर्षं भांडून मिळालंय. सुप्रीम कोर्टाची गाइडेड टूर असते, वेबसाइटवर आधी बुकिंग करायचं. राष्ट्रपती भवनाचं पण तसंच, ऑनलाइन बुकिंग आणि ओळखपत्र सोबत, 340 खोल्यांपैकी आपल्याला मोजक्याच दिसतात पण त्या पुरेशा आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर अमृत उद्यान उघडं असतं. संसदेचं कामकाज बघायचं तर आपल्या खासदारांच्या ऑफिसमधून पास काढावा लागतो, आठवडाभर आधी फोन करा, आदल्या रात्री नको.

एक गंमत सांगते. संसदेची जुनी गोल इमारत, आता संविधान सदन म्हणतात, तिच्यात एक दालन नरेंद्र मंडळासाठी बांधलेलं होतं, म्हणजे संस्थानिकांची सभा. आणि 1950 ला सुप्रीम कोर्ट सुरू झालं ते याच दालनात, आजची इमारत मिळाली 1958 ला. राजेलोकांच्या खुर्च्यांवर कोर्ट भरत होतं! संसदेच्या आवारात राजर्षी शाहूंचा पुतळा पण बसवलाय, 2009 ला.

कधी जावं, कसं जावं, राहावं कुठं, आणि खायचे हाल होतात का? (बऱ्याच जणांचा प्रश्न)

फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला पंधरवडा. नोव्हेंबरला हवा इतकी खराब असते की दम्याच्या माणसानं जाऊच नये, डिसेंबरअखेर ते जानेवारी धुकं, गाड्या तासन्‌तास लेट, आणि मे महिन्यात गेलात तर काय जाळ अन् धूर संगटच. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या आधीचे काही दिवस निम्मी दिल्ली बंदोबस्तात असते, ते पण टाळा.

कोल्हापुरातनं हजरत निजामुद्दीनला थेट गाडी आहे पण आठवड्यातून एकदाच. ती नाही जमली तर मिरजेतून गोवा एक्सप्रेस रोज आहे. घाई असेल तर पुण्यातनं विमान.

राहायला पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, फोन करून विचारून ठेवा. महाराष्ट्र सदनं दोन आहेत, जुनं कोपर्निकस मार्गावर आणि नवं कस्तुरबा गांधी मार्गावर, तिथं खोली मिळणं नशिबाचा भाग पण कॅन्टीनला मराठी जेवण मिळतं. फिरायला मेट्रो. लाल किल्ल्याला लाल किला स्टेशन, कुतुबला कुतुबमिनार स्टेशन, नॅशनल म्युझियमला सेंट्रल सेक्रेटेरियट, विसरायचंच काम नाही. न्यू दिल्ली स्टेशनबाहेर कुणी म्हणाला "आज किल्ला बंद आहे, दुसरीकडं नेतो" किंवा "तुमचं बुकिंग कॅन्सल झालंय" तर मान हलवून पुढं चालायला लागा, थांबायचं नाही, वाद तर घालायचाच नाही.

खायचं म्हणाल तर तांबडा-पांढरा शोधत फिरू नका, तो मिळाला तरी तसा लागणार नाही आणि तुम्ही दिवसभर नावं ठेवत बसाल. सकाळी छोले भटुरे, चांदणी चौकात पराठेवाली गल्ली, थंडीत गेलात तर दौलत की चाट, दुधाचा नुसता फेस असतो, तोंडात टाकेपर्यंत विरघळतो. मटण खाणाऱ्यांनी जामा मशिदीच्या मागच्या गल्लीत शिरावं. आणि चांदणी चौकातल्या सराफ गल्ल्यांत कान उघडे ठेवा, विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली, म्हणजे सोनं-चांदी गाळणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथं आहेत, गर्दीत अचानक "अय, हिकडं ये की" ऐकू येतं.

एक दिवस जास्तीचा आहे. आग्रा करू की पानिपत? (इचलकरंजी)

आग्रा पहिल्यांदा बघत असाल तर आग्राच, वर सांगितलं तसं शुक्रवार सोडून, आणि ताजमहालपेक्षा किल्ल्याला जास्त वेळ द्या. ताज आधी बघून झाला असेल तर पानिपत, दिल्लीपासून साधारण 90 किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. काला आंबला स्मारक आहे. फार काही बघायला नाही, मोकळी बाग आणि खांब, पण 14 जानेवारी 1761 चं वाचून गेलात तर तिथं तासभर बसवतं. न वाचता गेलात तर दहा मिनिटांत "चला" म्हणाल.

आणि दोन्ही नको असेल, नुसतंच भटकायचं असेल, तर मेट्रोनं विश्वविद्यालय स्टेशनला उतरा आणि कमलानगरला जा. तिथं एका रस्त्याचं नाव कोल्हापूर रोड आहे. म्युझियम नाही, स्मारक नाही, कपड्यांची आणि चपलांची दुकानं आणि कॉलेजची पोरं. पाटीखाली उभं राहून फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका, नाद खुळा.